उपाशीपोटी दिलेलं रक्त

लग्नानंतर मी मुरबाडहून भातसानगरला आले. नवरा धरणावर नोकरीला, राहायला वसाहतीतली दोन खोल्यांची क्वार्टर. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तपासणीसाठी शहापूरच्या दवाखान्यात जाऊ लागले. तिथे तेव्हा गरोदर बायकांवरचं एक संशोधन चालू होतं. कोपऱ्यातल्या खोलीत एक नर्सबाई बसायच्या. ठरलेल्या दिवशी सकाळी काही न खाता जायचं, त्या दंडातून रक्त काढायच्या, डबीत लघवी द्यायची.

बाकावर माझ्या शेजारी नेहमी एक बाई असायची. शेणव्याच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. माझ्याहून थोडी मोठी. आधीची दोन्ही मुलं तिला दिवस भरायच्या आत झाली होती आणि दोन्ही गेली होती. या खेपेला ती वीटभट्टीवर गेलीच नाही. नवऱ्याला एकट्याला पाठवलं आणि स्वतः पाड्यावर राहिली, दवाखाना चुकू नये म्हणून.

पहिल्याच दिवशी तिने नर्सबाईंना विचारलं, "या रगताचा काय करता तुमी?"

नर्सबाईंनी समजावलं. आपण खातो ते अंगात मोडतं, त्याचे बारीक बारीक पदार्थ होऊन रक्तात-लघवीत उतरतात. कळा सुरू व्हायच्या आधी त्यांत काही फरक पडतो का, कुणाचं बाळ लवकर येणार हे त्यावरून आधीच ओळखता येईल का, ते शोधायचंय. "दूध उतू जायच्या आधी कडेला फेस जमतो ना, तसं काही रक्तात दिसतं का ते बघायचं."

"माझा दोन खेपेला उतू गेला बाय," ती म्हणाली. "फेस काय दिसला नाय."

नर्सबाईंनी मग स्पष्टच सांगितलं, की याचा रिपोर्ट तुम्हाला मिळणार नाही, हे पुढच्या बायकांसाठी आहे. तिने तरी दंड पुढे केला. रक्त दिल्यावर ती फडक्यातली नाचणीची भाकरी काढायची आणि अर्धी माझ्या हातात ठेवायची. मला तिची कीव यायची. माझी सोनोग्राफी चांगली होती, रक्त भरपूर होतं, पायांवर सूज नव्हती. काळजी करायची ती तिची, असं मी धरून चालले होते.

सातवा महिना लागला होता. दुपारी भांडी घासताना कंबर भरून आली. वाटलं, ओणवं बसल्यामुळे असेल. आडवी झाले, तर पोट दगडासारखं व्हायचं आणि सुटायचं. नवऱ्याला फोन केला. तो येईपर्यंत पाणी गेलं होतं. गाडी सापगावच्या पुढे आली तेव्हा मी त्याचा हात धरून एकच म्हणत होते, "अजून वेळ आहे ना? अजून वेळ आहे."

दवाखान्यात पोचल्यावर फार वेळ लागला नाही. मुलगी झाली. रडली, पण मांजराच्या पिल्लासारखी. तिला गुंडाळून लगेच ठाण्याला हलवायची तयारी सुरू झाली. त्या गडबडीत नर्सबाई माझ्या उशाशी आल्या. नाळेतलं रक्त आणि वारेचा तुकडा घ्यायचा होता. मी आधी होकार दिलेला होता, तरी त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "घ्या." बाळाला घेऊन माझा नवरा गाडीत बसला. मी तिथेच पडून राहिले.

काचेच्या पेटीत तिने आठवडाही काढला नाही. तिची छाती अजून श्वास घ्यायला तयार झाली नव्हती, असं डॉक्टर म्हणाले. नवरा एकटाच परत आला. नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं.

घरी आल्यावर मला पान्हा फुटला. छाती तटतटली, ताप चढला, ब्लाउज भिजून जायचा. कुणाला सांगायची लाज वाटत होती. अशात एका सकाळी ती पाड्यावरची बाई दारात उभी राहिली. तिला नर्सबाईंकडून कळलं होतं. पोट पुढे आलेलं, चालून दमलेली. शेजारीण तिच्या दारातूनच म्हणाली, "पोटुशी बाई अशा घरात येते का गं?"

"माझ्याच घरात दोनदा झालाय," ती म्हणाली, "मला काय नवीन?"

आत येऊन तिने दार लावलं. माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि जुनी साडी मागितली. ती फाडून रुंद पट्टी काढली आणि माझी छाती बांधली. "पिळू नको. पिळला का अजून येतो. थोडं दिवस दुखंल, मंग आटंल." गाठ मारताना तिचं पोट माझ्या पाठीला लागत होतं. आतलं बाळ हललं ते मला कळलं, आणि तिलाही कळलं की मला कळलंय. ती म्हणाली, "रडू नको, असा काय मी सांगणार नाय." मग मी खूप रडले. ती भात टाकून गेली.

तिचे दिवस पूर्ण भरले. मुलगा झाला, वजनही चांगलं. नर्सबाईंनी फोनवर सांगितलं. मी बरं वाटलं असं म्हटलं. बघायला मात्र जाववलं नाही.

बाळंतपणानंतर एक शेवटचं रक्त द्यायचं असतं. नको असेल तर येऊ नका, असा निरोप होता. मी गेले, कारण मला विचारायचं होतं. मुंबईहून आलेल्या डॉक्टरबाई त्या दिवशी तिथे होत्या. मी विचारलं, "माझ्या रक्तात काय निघालं?"

"अजून तपासलेलं नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांची बाळंतपणं झाली की मग एकदम तपासणार. तोपर्यंत गोठवून ठेवलंय."

"आधी तपासलं असतं तर?"

त्यांनी नजर चुकवली नाही. "तरी तुम्हाला काही सांगता आलं नसतं. नेमकं काय बघायचं, तेच अजून आम्हाला ठाऊक नाही."

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्या पाड्यावरच्या बाईच्या आणि माझ्या रक्ताच्या नळ्या एकाच पेटीत शेजारी शेजारी ठेवलेल्या मी पाहिल्या होत्या. मी दंड पुढे केला.

पुढे दवाखान्यातली ती कोपऱ्यातली खोली बंद झाली. नळ्या मुंबईला गेल्या. ती बाई पोराला घेऊन नवऱ्याबरोबर भट्टीवर गेली, तिचा फोन लागत नाही.

मला पुन्हा दिवस गेलेत. सहावा सरत आलाय. आताच्या डॉक्टरांना विचारलं, आधी कळेल अशी काही तपासणी निघाली का. ते म्हणाले, शोध चालू आहे, आपल्याकडे अजून काही आलेलं नाही. त्यांनी औषध दिलंय, जड उचलू नका म्हणालेत. भांडी आता नवराच घासतो. दुपारी पोट जरा कडक झालं की मी भिंतीला टेकून बसते आणि ते सुटायची वाट पाहते.