निळा पट्टा, फिरती जाळी आणि आमचे निकममामा

कारखान्यात किस्से कोणी ठरवून जमवत नाही. मशीन रंगवून, पॅक करून, नारळ फोडून आपण गाडीत चढवतो आणि विसरतो. महिन्याभराने फोन येतो. पलीकडच्या माणसाने घसा खाकरला, की त्या खाकरण्यावरूनच कळतं, चला, नवीन किस्सा आला! अंबडच्या आमच्या कारखान्यात, डिझाइनला, मला बारा वर्षं झाली. माझी ड्रॉइंग किती झाली ते कॉम्प्युटरला माहीत. किस्से मात्र माझे तोंडपाठ आहेत.

आम्ही दोनच गोष्टी बनवतो. एक, मोड्युलर कन्व्हेयर बेल्ट, म्हणजे प्लॅस्टिकचे छोटे छोटे तुकडे पिनांनी एकमेकांत अडकवून केलेला सरकता पट्टा. एखादा तुकडा तुटला तर तेवढाच बदलायचा. दुसरी, फिरती जाळी. धरणाचं पाणी पंपात शिरण्याआधी ही उभी जाळी सारखी फिरत राहते आणि पाण्यातला कचरा वर उचलून बाहेर टाकते. बस, एवढंच. तरी माझ्या आईला ते अजून समजलेलं नाही.

तिच्यामुळेच पहिला किस्सा झाला. माझं लग्न जमवायचं चाललं होतं. इंदिरानगरला आमच्या घरी पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मुलगी काय करते?"

आई ताठ बसली. "इंजिनिअर आहे. कंपनीत पट्टे बनवते!"

मी घाईघाईने म्हटलं, "म्हणजे प्लॅस्टिकचे."

त्यांचा चेहरा पडला. "चामड्याचे नाहीत का?"

मी मोबाइल काढला. पट्ट्यावरून बेदाणे चाललेत, बिस्किटं चाललीत, सगळे व्हिडिओ दाखवले. ते मान डोलवत होते. मला वाटलं, समजलं. निघताना दारात चपला घालता घालता ते माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "बेटा, अडतीसचा मिळेल का? काळा."

आज ते माझे सासरे आहेत. आणि पट्टा अजून मागतात!

*

आता निकममामा. आमचे सगळ्यात जुने फिटर, सटाण्याकडचे. अर्धं मराठी, अर्धं अहिराणी बोलतात आणि कुणाला घाबरत नाहीत. मालकांनासुद्धा! मालकांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणतो.

विंचूरच्या एका कांदा पॅकिंगवाल्या अण्णांची तक्रार होती, की कांद्याची सालपटं पट्ट्याच्या सांध्यात अडकतात आणि पट्टा जाम होतो. मी सांधा बदलला. पट्टा वळताना सांधा चांगला उघडेल आणि सालपट आपोआप खाली पडेल, असा केला. टेस्टिंगसाठी अण्णांनी दहा गोणी कांदा पाठवला. चार दिवस कांदा पट्ट्यावरून गोल गोल फिरत होता. मामा टेस्टिंगचे प्रमुख. एकही सालपट अडकलं नाही. मी खूश!

पाचव्या दिवशी अण्णांचा टेम्पो कांदा परत न्यायला आला. गोण्या भरल्या नऊ.

सरांनी मामांना बोलावलं. "मामा, दहावी गोणी?"

"टेस्टिंगमा गेली, साहेब."

"टेस्टिंगमध्ये कांदा पट्ट्यावरून जातो, मामा. संपत नाही!"

मामा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "पट्टा पास झाला, साहेब. मंग भजी बी पास करून बघितली."

सरांनी लगेच नऊ गोण्यांच्या पावतीवर सही केली. चारही दिवस एक प्लेट त्यांच्या केबिनमध्येही गेली होती!

*

एकदा एका बेदाणावाल्याला मालात पांढऱ्या पिनेचा तुकडा सापडला. तो फोनवर असा ओरडला, की सरांनी फोन कानापासून हातभर लांब धरला तरी आम्हाला सगळं ऐकू आलं. "तुमची पिन माझ्या बेदाण्यात! उद्या माझे बेदाणे तुमच्या पट्ट्यात भरू का?"

मीटिंग बसली. पिन बाहेर सरकू नये म्हणून मी तिला कडेला अटकाव दिला. शिवाय म्हटलं, पट्टा आणि पिन दोन्ही निळे करू. निळ्या रंगाचं खाणं जवळपास नसतंच, त्यामुळे चुकून तुकडा पडला तरी लगेच डोळ्यात भरेल.

मामा कोपऱ्यातून म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर निळाच म्हणणार!"

सर टेबलाकडे बघायला लागले. आमच्या कॉलनीत जयंतीला घराघरावर निळे झेंडे लागतात, हे सगळ्यांना माहीत होतं. मी मामांकडे बघून त्यांच्याच बोलीत म्हटलं, "मामा, हे विज्ञान शे!"

पहिले हसले ते मामाच.

निळा पट्टा झाला, चालला. ट्रायलचे वाकडेतिकडे निघालेले तुकडे पोतंभर उरले होते, ते मी सांगूनसवरून घरी नेले. जयंतीला सर आमच्या कॉलनीत आले. स्टेजच्या चारी बाजूंची सुंदर निळी जाळी बराच वेळ न्याहाळत राहिले.

"कीर्ती, हे डिझाइन ओळखीचं वाटतंय."

"सर, फील्ड ट्रायल!"

*

हा छोटा आहे. एका बिस्किटवाल्याचा जुना लोखंडी पट्टा इतका खडखडायचा, की माणसं खुणांनी बोलायची. आम्ही नवीन पट्टा बसवला. आवाज नाहीच! आता कौतुकाचं पत्र येणार म्हणून मी वाट बघत होते. आली ती तक्रार. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, थोडा आवाज परत द्या. दुपारी जेवणानंतर सगळी लाइन झोपते!"

*

फिरत्या जाळीचे किस्से वेगळे. त्या जाळीतून काय वर येत नाही! नारळ, चपला, एकदा तर अख्खी सतरंजी घडी केलेली. पण पाण्याबरोबर मासेही येतात. जुन्या जाळीवर ते आपटून मरायचे. मला ते बघवत नव्हतं. नवीन जाळीला मी प्रत्येक पट्टीवर पन्हाळीसारखी वाटी दिली. वाटीत पाणी, पाण्यात मासा. वर आला, की अलगद दुसऱ्या नळीतून परत धरणात. मासा जिवंत!

पंधरा दिवसांत पंप हाउसवरून पत्र आलं, 'नवीन जाळी समाधानकारक काम करत नाही.'

मी आणि मामा गेलो. मोटर बघितली, जाळी बघितली, कचरा बघितला. सगळं उत्तम. मी ऑपरेटरला विचारलं, "दादा, नेमका बिघाड काय आहे?"

तो इकडेतिकडे बघत राहिला.

"कचरा सुटतो का?"

"नाय."

"आवाज येतो?"

"नाय."

"मग?"

मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सांग रे भाऊ, मोकळं बोल."

तो जवळजवळ रडवेला झाला. "मॅडम, आधीच्या जाळीत रोज कालवणापुरतं निघायचं हो! आता मासे माझ्यासमोर वर येतात, माझ्याकडे बघतात आन् परत जातात!"

*

आणि हा शेवटचा. हा सांगताना अजून माझे कान गरम होतात.

जुन्या जाळ्या दोन लोखंडी साखळ्यांवर फिरायच्या. साखळी गंजायची, ताणायची, तुटायची. मामांचं अर्धं आयुष्य त्या साखळ्यांना ग्रीस लावण्यात गेलेलं. मी साखळीच काढून टाकली. अख्खी जाळी प्लॅस्टिकच्या पट्ट्याचीच केली. ना गंज, ना ग्रीस. मामा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एकदा म्हणाले, "साखळी नाय, तर मी काय करू? जाळीला हार घालू?"

एका गावाच्या पाणीपुरवठ्यावर ती पहिली जाळी बसली. अख्खं गाव त्या एका पंप हाउसवर. ती फेल गेली असती, तर सर पुन्हा साखळीवर गेले असते आणि माझ्या शब्दाला कारखान्यात किंमत राहिली नसती.

ऐन पावसाळ्यात सर, मामा आणि मी तिथं तपासणीला गेलो होतो. भर दुपारी वरून पाणवेलींचा तराफाच वाहत आला. खोलीएवढा! थेट जाळीवर बसला. जाळी कुरकुरली आणि थांबली.

मी म्हटलं, "घाबरू नका. जास्त लोड आला की मोटर आपोआप बंद होते, तसंच डिझाइन आहे. मोटर वाचली!"

ऑपरेटर म्हणाला, "मोटर वाचली मॅडम, पाणी थांबलं त्याचं काय? पंपाच्या बाजूची पातळी उतरतेय. पाव तासात पंप बंद करावे लागतील. गावात टाक्या रिकाम्या आहेत."

क्रेन आणायची म्हणजे तीन तास. सर माझ्याकडे बघत होते. माझ्या हातात ड्रॉइंगचे कागद होते. मी पानं उलटत होते, जणू त्यात कुठंतरी उत्तर लिहून ठेवलंय.

मामा शांतपणे पॅनेलकडे गेले. सगळ्यात खाली एक बटण होतं, वर चिठ्ठी चिकटवलेली, 'पंखा'. मामांनी ते दाबलं.

जाळी कण्हली आणि चक्क उलटी फिरली! हातभर मागे. तराफा सैल झाला. मामांनी पुढे घेतली, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. चौथ्या वेळी पाणवेलींचे लचके तुटून जाळीवरून वर यायला लागले. पाणी खळाळत आत शिरलं. ऑपरेटरने टाळ्या वाजवल्या. पट्ट्याचा एकही तुकडा तुटला नव्हता.

सर पॅनेलसमोर वाकले. ती चिठ्ठी वाचली. वर छताकडे पाहिलं. तिथं पंखा नव्हताच. मग माझ्या हातातला कागद घेतला. त्यावर माझ्याच सहीनिशी ठळक लिहिलं होतं, 'उलट फिरवण्याची सोय आवश्यक नाही.'

"मामा," सर म्हणाले, "हे बटण ड्रॉइंगमध्ये नाहीये!"

मामांनी फडक्याला हात पुसले.

"साहेब, ड्रॉइंगमा पाणवेली बी नव्हत्या!"