चुरीकाकांची कोरी करकरीत गाडी

दिवाकर चुरी माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून लोक भलतंच काहीतरी समजायचे. राजोडीच्या अलीकडे त्यांची सोनचाफ्याची वाडी. पहाटे फुलं खुडायची, ओल्या फडक्यात ठेवायची, वर केळीचं पान गुंडाळायचं आणि बाजारात धाडायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. फुलाला जरा ऊन लागलं तरी काकांचा चेहरा उतरायचा. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांचं धोरण जरा वेगळं होतं.

काकांचा जीव नवेपणावर. घरात आलेली वस्तू जशी आली तशीच राहिली पाहिजे! टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवीला रबर, त्यामुळे बटणं अंदाजाने दाबायची. बातम्या लावायला जावं तर कुठली तरी सासू किंचाळायला लागायची. सोफ्यावर प्लॅस्टिक, फ्रिजच्या दारावर प्लॅस्टिक. काचेचे उंची ग्लास शोकेसमध्ये, त्यांच्यावरचे स्टिकर तसेच. पाहुण्यांना पाणी स्टीलच्या पेल्यात. कोणी काही बोललं की काका म्हणायचे, "एकदा काढलं की गेलं!" काय गेलं, कुठे गेलं, ते विचारायची कोणाची टाप नव्हती.

अशा माणसाने गाडी घेतली. पांढरी शुभ्र, आत दुधाच्या सायीच्या रंगाच्या कापडी सीट. शोरूमवाला सीटवरचं प्लॅस्टिक फाडायला वाकला, तसा काकांनी त्याचा हातच धरला. "अहो, काय करताय? नवीन आहे ती!" शोरूमवाल्याने असे पुष्कळ पाहिले असावेत. तो बाजूला झाला.

पण गाडी घेतली होती ती विमलाकाकूंसाठी, हे मात्र शंभर टक्के खरं. काकूंचं माहेर चांदीपला. लग्न झाल्यापासून ही बाई दर महिन्याला आईला भेटायला जायची ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. आधी रिक्षा, मग नालासोपाऱ्याचा पूल, मग तुळिंजच्या बाजारातली धक्काबुक्की, मग बस. तिच्या हातावर पिशव्यांचे वळ उठलेले काकांनी पाहिले होते, आणि त्यांना वाईट वाटायचं. 'एक दिवस विमलाला माझ्या गाडीतून माहेरच्या दारात उतरवीन,' असं ते मनाशी वर्षानुवर्षं म्हणत आले होते. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी दुसरं काही मागितलं नव्हतं.

तो दिवस उजाडला एप्रिलात. अंगणात आंब्याची गार सावली होती, पण आंब्यावर कावळे होते, आणि कावळ्यांना नव्या रंगाची कदर नसते. म्हणून गाडी उभी भर उन्हात. विमलाकाकू ठेवणीतली साडी नेसून, केसांत चाफा माळून आल्या. काकांनी ऐटीत दार उघडलं. काकू बसल्या, आणि "अगं आई गं!" करून उभ्या राहायला गेल्या, तर डोकं छताला आपटलं. ब्लाउज आणि साडीच्या मधल्या उघड्या कमरेला चटका बसला होता.

"एसी लावा हो!"

"एसीने पेट्रोल किती जातं माहितेय? गाडी चालायला लागली की वारा येतो."

वारा आला, तो भट्टीतून आल्यासारखा. प्रत्येक वळणावर काकूंची पाठ प्लॅस्टिकला चिकटायची आणि चर्रकन सुटायची. चांदीपला उतरल्या तेव्हा साडी मागून अशी ओली की भावजय सगळ्यांसमोर म्हणाली, "वन्सं, पाण्यात बसून आलात का?" माहेरची सगळी अंगणभर हसली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. परत येताना त्या बसने आल्या.

"प्लॅस्टिक काढा, मी बसते," त्या घरी येऊन म्हणाल्या. "नाहीतर मी आपली रिक्षानं बरी."

आता सरळ माणूस काय करेल? प्लॅस्टिक काढेल. काकांनी ते सोडून सगळं केलं. आधी ओला टॉवेल अंथरला. तापल्या सीटवर त्याची अशी वाफ झाली की काकू मोदकासारख्या उकडून निघाल्या. मग चटई आणली. गुळगुळीत प्लॅस्टिकवर ती चटई पहिल्याच ब्रेकला काकूंना घेऊन सुटली आणि त्यांचे गुडघे डॅशबोर्डावर आदळले. मग लाकडी मण्यांचं कव्हर. त्याचे ठसे पाठीवर उमटले आणि अंबाड्याचे केस त्यात अडकले ते वेगळेच. शेवटी काकांनी वाडीतलं अख्खं केळीचं पान कापून अंथरलं. गार लागलं खरं, पण देठाचा चीक काकूंच्या हळदी रंगाच्या साडीला लागला. केळीच्या चिकाचा डाग जन्मात निघत नाही, हे वाडीत उभं आयुष्य गेलेल्या माणसाला सांगायला लागतं? ती साडी आईने दिलेली होती. काकूंनी त्या दिवसापासून गाडीकडे बघणंच सोडलं.

पुण्याहून मुलीचा, क्षितिजाचा, फोन यायचा. "पप्पा, ते प्लॅस्टिक काढा ना! कोणासाठी जपताय?"

"विकताना किंमत येते, बाळा. तुला नाही कळायचं."

मग आळीला एक नवीनच करमणूक झाली. काकू पिशव्या घेऊन रिक्षात बसायच्या. मागून काकांची पांढरी गाडी. रिक्षा थांबली की काका खिडकीतून मान काढून विनवायचे, "विमला, बस ना! आज कमी तापलीय. हात लावून बघ!" काकू समोर बघायच्या. रिक्षावाला आरशातून हसायचा. एकदा तर तो म्हणाला, "काका, तुम्हीच या की इकडे, तिघं मावतो." काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

वर्षं गेली. काका एकटेच गाडीत बसायचे, पेट्रोलपंपापर्यंत जायचे, परत यायचे. शेजारच्या रिकाम्या सीटकडे त्यांची नजर सारखी जायची. पण हात प्लॅस्टिकपर्यंत जायचा आणि मागे यायचा. 'आता इतकी वर्षं जपलंय, आता काढून काय उपयोग?' असंही वाटायचं. मग एक दिवस ते चिडून म्हणाले, "कोणी बसतच नाही तर ठेवायची कशाला? विकून टाकतो!" काकू तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "विका."

गाडी बघायला पलीकडच्या गावातला फ्लॉईड आला, सोबत त्याची नवी नवरी टिफनी. फ्लॉईडने बॉनेट उघडलं, टायर पाहिले, मग म्हणाला, "काका, सीट दाखवा ना. हे प्लॅस्टिक काढू?"

"थांब, मी काढतो," काका म्हणाले. हा क्षण त्यांचा होता. त्यांनी कडा धरून ओढली. इतक्या वर्षांच्या उन्हाने कडक झालेलं प्लॅस्टिक कडकड फाटलं, त्याचे तुकडे अंगणभर झाले. आतून निघाली ती सायीच्या रंगाची सीट, ना डाग, ना सुरकुती, शोरूममध्ये होती तश्शी! काका ताठ उभे राहिले. आज कोणीतरी कदर करणार होतं.

"बापरे!" फ्लॉईड म्हणाला. "काका, या सीटवर कधी कोणी बसलेलंच नाही!"

काकांनी हसायला तोंड उघडलं, पण हसू काही आलं नाही. त्यांनी ओटीवर बघितलं. काकू पिशव्या भरून पायात चपला घालत होत्या. आज त्यांचा चांदीपचा दिवस होता.

व्यवहार जागच्या जागी झाला. उरलेल्या सीटांवरचं प्लॅस्टिकही फ्लॉईडने काढून टाकलं. फ्लॉईडने आत बसून आधी एसी सुरू केला, मग चारही काचा वर घेतल्या. टिफनीने काकूंना पाहिलं. "काकी, कुठे निघालात? चांदीप? आम्ही तिकडेच माझ्या मावशीला गाडी दाखवायला चाललोय. या ना, सोडतो!"

काकू क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनी मागचं दार उघडलं, सवयीने आधी हाताने सीट चाचपली, आणि बसल्या. पिशव्या शेजारी ठेवल्या. पाठ टेकली. त्यांनी हळूच डोळे मिटले.

मग त्यांनी काच खाली केली. चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. नुसतं नवल होतं, आणि तेच काकांच्या काळजात घुसलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "किती मऊ आहे हो ही!"

काच वर गेली. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि हायवेच्या दिशेला वळली. काका तिच्यामागे रस्त्यापर्यंत गेले. समोरून येणारी रिक्षा त्यांनी हात करून थांबवली.

"कुठे, काका?"

"चांदीप," काका म्हणाले.

"चांदीपला रिक्षा नाही जात. पुलापर्यंत सोडतो, पुढे बस बघा."

काका आत चढले. सीट चांगलीच तापलेली होती.