मार्गशीर्षातले तारे आणि बहिणीचं लग्न

मी दुसरीपर्यंत शिकलो. पण पेपरातली एक बातमी मी बदलायला लावली, ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन नाही.

साठ सालाच्या आधीची गोष्ट. वडील गेलेले, लहान बहिणीचं लग्न माझ्या अंगावर. मुलगा अकोल्याचा, मांडव चांदूर बाजारजवळ आमच्या गावात. अन् अमरावतीच्या एका पेपरात छापून आलं, की नेमक्या लग्नाच्या रात्री ताऱ्यांचा पाऊस पडणार, आभाळ पेटल्यासारखं दिसणार. बातमी कुठून तरी लांबून आलेली, वरचं तिखटमीठ पेपरवाल्यांचं. लगेच नवरदेवाचा काका हजर.

"मांडव वाळल्या पाल्याचा. ठिणगी पडली तं? लगन पुढं ढकला."

ढकललेलं लग्न आमच्याकडे मोडल्यातच जमा. नावं पोरीलाच ठेवतात. आईनं जेवण सोडलं.

असं काही होत नाही, हे मला ठाऊक होतं. ज्वारी राखायला मी दरसाल रात्री मचाणावर असायचो. मार्गशीर्षात तारे जास्त तुटतात, हे सगळ्या जागल्यांना माहीत. पण तारा तुटताना दिसला की तोंड फिरवायचं अन् कोणाजवळ बोलायचं नाही. बोललं तर घरातलं माणूस जातं, असा समज. म्हणून सारे पाहायचे अन् सारे गप्प. पेपरवाल्याला सांगणार कोण?

मी जागल्यांच्या दारोदार गेलो, पेपरवाल्याकडे सोबत चला म्हणालो. एक म्हणाला, "तू सांग, आमी मांगून हो म्हणतो. माही माय म्हातारी हाय."

माझी काय जवान होती?

शेवटी अमरावतीला राजापेठेतल्या पेपरच्या कचेरीत एकटाच गेलो. संपादकानं चष्म्यावरून पाहिलं.

"काहो, ज्योतिषी का तुम्ही?"

"नाही, जागल्या. तुमी किती राती आभाळ पाह्यलं?"

"एकही नाही."

"मंग पाऊस कावून लिवला? लिवा, तारे थांबून थांबून तुटतील, वरच्या वरच इझतील. आंगनात बसून पाहा, भेऊ नका. आन् लय दिसतील असंही लिवू नका."

त्यानं कागद पुढे सरकवला. "करा सही. मांडव जळला तर लोक तुमच्या घरी येतील."

मांडवाची भीती नव्हती. आता मी बोललो होतो, भीती आईच्या जिवाची होती. तरी सही ठोकली.

बातमी सुधारून आली. अकोल्याचा निरोप आला, येतो. लग्न लागलं. ती सारी रात्र मी आभाळ सोडून आईकडेच पाहत होतो.

सकाळी काका लाल डोळ्यांनी चहाला बसला. "पाव्हणे, रातभर मान वर केली. एखाददुसरा तुटे. एवढ्यासाठी भेवाडलं आमाले?"

"पेपरात तेच लिवलं व्हतं," मी म्हणालो अन् घरात धावलो. आई चुलीजवळ बसून बुंदी खात होती.

तरी वर्षभर ती खोकली की मी दचकायचो. पुढच्या मार्गशीर्षात ती धडधाकट होती. ते पाहून बाकीचे जागले आपणहून माझ्याकडे आले, म्हणाले, "चाल, आता आमी बी येतो, पेपरवाल्याले सांगू."