चुलीपाशी बसलेली बाई

पुण्याच्या प्रकाशकाने माझ्या भुताचा चोर केला, तेव्हा मी त्याच्या टेबलावरची दौत भिंतीवर भिरकावली. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. माझ्या चार भुताच्या कादंबऱ्या त्याने छापल्या होत्या, माझं नाव बारीक आणि संस्थेचं ठळक टाकून. पाचवीची मुद्रितं सांगलीला आली, ती मी घरी उघडली, तर शेवटचं प्रकरण माझं नव्हतंच. माझ्या कादंबरीतली बाई मेल्यावरही आपल्या घरी येते, चुलीपाशी बसते आणि शेवटपर्यंत तिथेच राहते. या गृहस्थाने तिच्या जागी पांढरं लुगडं नेसलेला शेजारी आणला होता. तो पुरलेलं धन शोधत होता म्हणे. शेवटी पोलीस त्याला धरून नेतात. मी मिळेल त्या गाडीने पुणं गाठलं.

"शिकलेल्या वाचकाला आता भुतं पटत नाहीत," प्रकाशक म्हणाला.

"मग शिकलेल्यांसाठी पंचांगं छापा," मी म्हणालो. हस्तलिखित उचललं, त्याने आगाऊ दिलेली उचल त्याच्यासमोर टाकली आणि जिना उतरलो.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. आदल्या वर्षी माझी बायको विषमज्वराने गेली होती. मिरजेच्या इस्पितळात अकरा दिवस होती. मूलबाळ नव्हतं. लिहिलेलं प्रत्येक पान मी तिला वाचून दाखवायचो. भाकरी थापता थापता ती "हे खोटं वाटतंय" एवढंच म्हणायची, आणि बहुतेक वेळा ते खोटंच असायचं. ही पाचवी कादंबरी तेवढी तिने ऐकली नव्हती. ती गेल्यावर मी खानावळीचा डबा लावला. घरी बोलायला कोणी नव्हतं, म्हणून दिवसभर बाजारात भांडायचो.

माझा धंदा हळदीच्या दलालीचा. कोरेगावातून अंगावरच्या सदऱ्यानिशी सांगलीला आलो, पोती मोजली, मग दलाली शिकलो. कुणी शिकवली नाही. हळदीच्या सौद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. कादंबरी स्वतःच छापायची ठरल्यावर सांगलीतल्या एका लहान छापखान्याच्या मालकापुढे मी उपरणं धरलं.

"हे काय वो? मी काय हळद विकतोय व्हय?"

"हात द्या."

त्याने हात दिला. बाहेर काढला तेव्हा त्याला कळलं, की बांधणीही त्याच दरात येऊन बसली आहे. आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही.

कागद तेव्हा सरकारी कंट्रोलचा. तो कसा मिळवला, ते इथे लिहीत नाही. छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जेमतेम आठ पानांपुरते होते. आठ पानं जुळवायची, छापायची, खिळे सोडून खणांत टाकायचे, की मग पुढची आठ. त्यात चार महिने गेले. रोज बाजार उठला की मी तिथे जाऊन बसायचो. काम नसायचं, पण यंत्राचा आवाज असायचा. निम्म्या प्रती बांधून घेतल्या. उरलेल्यांचे आठ-आठ पानांचे सुटे फर्मे छापखान्यातच ठेवले.

साताऱ्याच्या एका पुस्तकविक्याने शंभर प्रती घेतल्या. दोन महिन्यांनी त्याच्या दुकानी गेलो, तर तो हसायलाच लागला.

"खपली हो, बहुतेक सगळी खपली. पण लोक घरात ठेवत नाहीत."

"परत आणतात?"

"परत कसली! तिकाटण्यावर टाकतात. तुमची बाई शेवटी जातच नाही ना. जिथं पुस्तक, तिथं ती राहणार, असं बायका म्हणतात. आता नवं गिऱ्हाईक आधी विचारतं, बाई गेली का? नाही म्हटलं की पुस्तक खाली. तुम्ही एक करा, एखादा मांत्रिक आणा, तिला मुक्त करा. उरलेला सगळा माल मी उचलतो."

मला ते खरं वाटलं नाही. परतताना मुद्दाम कोरेगावला उतरलो. स्टेशनवरून गावाकडे चालत निघालो, तर तीन रस्ते मिळतात तिथे माझं पुस्तक पडलेलं. वर लिंबू, दहीभात, कुंकू. मी उचलायला वाकलो, तोच मागून टांगेवाला ओरडला.

"आवं पाव्हणं, हात लावू नगा! उतारा हाय त्यो."

"माझं पुस्तक आहे ते!"

"मग तुमीच टाकलं व्हय? आन् आता परत न्हेताय? लय धाडस हाय गड्या!"

मी त्याला नाही नाही ते बोललो. तो घोड्याला म्हणाला, "चल रं बाबा, ह्यास्नी लागलंया," आणि निघून गेला.

सांगलीला येऊन मी हिशेबी माणसासारखा विचार केला. बदलायची ती शेवटची आठ पानं. एकच फर्मा. छापखान्यातल्या सगळ्या प्रती एका फटक्यात निघाल्या असत्या, आणि पुण्याच्या त्या माणसाला मी पुन्हा उभा राहिलेला दिसलो असतो. छापखान्याच्या मालकाला सातारकराची अट सांगून ठेवली आणि दुपारी लिहायला बसलो. मांत्रिक आणला. त्याने बाईला नारळात घातलं, नारळ लाल फडक्यात बांधला आणि कराडला नेला, कृष्णा-कोयनेच्या संगमावर. तो गुडघाभर पाण्यात उतरला. लिखाण चांगलं उतरत होतं. मला ते कळतं.

तिथे मी थांबलो. बायको गेली तेव्हा त्याच पाण्यात मी उभा होतो. अस्थींचं मडकं माझ्या हातात होतं. भटजींकडे पुढचे लोक ताटकळत होते. "सोडा, सोडा आता," ते म्हणाले, आणि मी सोडलं. आयुष्यभर समोरच्याच्या पहिल्या शब्दावर मी कधी काही दिलं नाही. त्या दिवशी दिलं. थोडं थांबा, एवढंसुद्धा मला म्हणता आलं नाही.

लिहिलेली पानं मी फाडली आणि छापखान्यात गेलो.

"उरलेल्या प्रती बांधा," मी मालकाला म्हणालो.

"आन् शेवटचा फर्मा?"

"आहे तोच."

"आवं, सातारकर घ्यायचा न्हाई."

"नको घेऊ दे."

"मग एवढी पुस्तकं ठेवणार कुठं?"

"घरी," मी म्हणालो. "घरात जागा आहे."