पुरावाबाईंची खिडकी

आरोग्य विम्याच्या कचेरीत तीन नंबरची खिडकी नोकरी नसलेल्या रहिवाशांची आणि चार नंबरची कामगारांची. चार नंबरवर बसणाऱ्या बाईंना सगळे पुरावाबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. कामगाराच्या पगारातून दरमहा हप्ता कापायचा आणि आजारपणात त्याला दवाखाना फुकट, अशी ती सोय. मधे फक्त बाईंचा शिक्का लागे. आता त्या ‘फक्त’मध्ये माणूस किती दमतो, ते एका रंगाऱ्याला विचारा. फोटोत कान दिसत नाही म्हणून एकदा, सही रेघेखाली गेली म्हणून दुसऱ्यांदा, आणि कान दिसतोय पण फोटो जुना म्हणून तिसऱ्यांदा बाईंनी त्याला परत पाठवलं. तो खोकत खोकत गेला आणि बाईंनी जेवणाचा डबा उघडला.

पुढे बाईंच्याच पित्ताशयात खडे निघाले. दुखायला लागलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत. ऑपरेशन सोमवारी होतं. शुक्रवारी मंजुरीपत्र मिळालं नाही तर पुढची तारीख तीन महिन्यांनी. अर्ज खिडकीबाहेरून द्यायचा, स्वतः नाहीतर नातेवाइकाने, आणि बाईंना जवळचं कोणीच नव्हतं. त्यांनी शुक्रवारची रीतसर रजा टाकली, एकशे बारा नंबरचं टोकन घेतलं आणि चार नंबरसमोर उभ्या राहिल्या. खिडकी बंद! ‘कर्मचारी रजेवर’ ही पाटी आदल्या दिवशी त्यांनीच लिहून लावली होती.

तीन नंबरचे कारकून म्हणाले, “तुम्ही इथे राहता, कबूल. पण काम करता ना? मग चार नंबर.”

“अहो, चार नंबर मीच आहे!”

“मग अडचण काय?”

शेवटी साहेबांनी रजा रद्द करून त्यांना आत बसवलं. एकेक टोकन संपलं.

“एकशे बारा!” बाईंनी पुकारलं. बाहेर कोणी नाही. “एकशे बारा!” तिसऱ्या हाकेला टोकन बाद, हा कागद त्यांनीच भिंतीवर चिकटवला होता.

एकशे तेरा म्हणजे तोच रंगारी. “द्या इकडे,” म्हणत त्याने बाईंच्या अर्जाची फाईल खिडकीबाहेर ओढली आणि पुन्हा आत सरकवली. “मी नातेवाईक. भाऊ लिहा.”

सवयीने बाईंच्या तोंडून गेलंच, “नात्याचा पुरावा?”

रंगाऱ्याने आपला अर्ज उलगडला. त्यावर लाल शाईचे तीन शेरे होते.

“हा काय. चौथी खेप आहे माझी. सख्खा भाऊ तरी इतक्यांदा येतो का हो, ताई?”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी शिक्का उचलला तो आधी त्याच्या अर्जावर मारला. फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. मग आपल्या अर्जावर नात्याच्या रकान्यात ‘भाऊ’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं.