खिडकीतली बशी

चहा बशीत ओतून प्यायचा असतो, हे मला कुणी शिकवलं नाही. आमच्या घरात सगळे तसाच प्यायचे. कपातला थोडा बशीत सोडायचा, हलकी फुंकर मारायची आणि दोन्ही हातांनी बशी उचलून आवाज करत ओढायचा. गरम कप थेट ओठाला लावणारा माणूस मला घाईतला वाटतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी दौंडला रेल्वेत गँगमन होतो. दिवसभर रुळाखालची खडी ठोकायची आणि सुटी झाली की आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हॉटेलात चहा प्यायचा. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, एक भट्टी आणि रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. म्हातारा मालक होता तोवर तो कप असा भरायचा की चहा उतू जाऊन बशीत उतरायचा. न मागता मिळालेला तो घोट मला सगळ्यात गोड लागायचा.

मग म्हाताऱ्याचे गुडघे गेले आणि त्याचा भाचा गल्ल्यावर बसला. एका सोमवारी बघतो तर कप-बशा गायब. माझ्यापुढं काचेचा ग्लास आदळला. अर्धा चहा आत, थोडा टेबलावर, आणि पाण्याच्या पेल्यात भाच्याची दोन बोटं.

"बशी?" मी विचारलं.

"बशी बंद."

"का?"

"फुटत्यात. आन् धुवायला मानूस कुठंय?"

"मग च्या प्यायचा कसा?"

"तोंडानं," तो म्हणाला, आणि सगळं हॉटेल हसलं.

मी उठून गेलो नाही. गेलो असतो तर तो जिंकला असता. बसून राहिलो. चहावर साय धरली, सुरकुतली, चहा गार झाला. तसाच ठेवला, पैसे दिले आणि घरी आलो. तीन दिवस असंच केलं. आमचा मुकादम म्हणाला, "आरं, ठेसनासमोर पाच हॉटेलं हायेत. तिकडं जा की."

"म्या का जाऊ? म्या आधीचं गिऱ्हाईक. भाचा मागनं आलाय."

चौथ्या दिवशी घरातली निळ्या काठाची बशी टॉवेलात गुंडाळली. बायको म्हणाली, "डोकं फिरलं का? लोक हसतील."

"हसू देत. दात दिसतील त्यांचे."

हॉटेलात टॉवेल सोडून बशी टेबलावर ठेवली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाचा म्हणाला, "बेस काम केलं दाजी. उद्या साखरबी घिऊन या." मी नेहमीपेक्षा मोठा आवाज काढून चहा ओढला. वाटलं, जिंकलो.

आठ-दहा दिवस बशी माझ्याबरोबर जायची यायची. मग एक दिवस भाचाच म्हणाला, "रोज कशाला न्हेता-आणता? ठिवा त्या खिडकीत. कुणी हात लावत न्हाई." मला बरंच वाटलं. हॉटेलात माझ्या बशीला जागा झाली. आल्यावर खिडकीतून बशी घ्यायची, पिंपाच्या पाण्यानं विसळायची, चहा प्यायचा, पुन्हा विसळून खिडकीत ठेवायची. यात काही वावगं आहे असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. यायला हवं होतं, कारण असं भांडं मी लहानपणी पाहिलं होतं.

आमचं गाव शिरूरकडचं, न्हावऱ्याच्या पलीकडे. तिथं आमचे आबा, म्हणजे माझे वडील, राहायचे. माझ्या लहानपणी गावातल्या हॉटेलात आमच्या वस्तीच्या माणसांना आत घेत नसत. हॉटेलच्या वळचणीला आमच्या माणसांचे कप खोचलेले असायचे, ज्याचा त्याचा, घरून आणलेला. आपला कप काढायचा, विसळायचा, जमिनीवर ठेवायचा. मालक वरून चहा ओतायचा. उभ्यानं प्यायचा आणि विसळून कप परत खोचायचा. पुढं आम्ही बौद्ध झालो. त्याच आठवड्यात आबांनी आपला कप वळचणीतून काढून आणला आणि हॉटेलचा चहाच सोडला. तेव्हापासून त्यांनी कुठल्याही हॉटेलाची पायरी चढली नव्हती.

मला एकच वाटायचं, आबांनी एकदा माझ्याबरोबर हॉटेलात बाकड्यावर बसावं. दौंड म्हणजे जंक्शन, चार मुलखांची माणसं. तिथं कोण कुणाला विचारतो? दोन महिन्यांतून एकदा आबा एसटीनं यायचे, पिशवीत वांगी नाहीतर शेंगा. दर खेपेला मी म्हणायचो, "आबा, हॉटेलात जाऊ." दर खेपेला ते म्हणायचे, "का? घरात च्या न्हाई का?"

त्या खेपेला मात्र आमची थोरली मुलगी त्यांचं बोट धरून पहिल्यांदा चार पावलं चालली. आबा इतके खुशीत आले की मी नेहमीचं विचारल्यावर म्हणाले, "चल. बघू तुझं हॉटेल."

मी धुतलेला सदरा घातला. आबांनी पटका नीट बांधला. हॉटेलच्या दारात त्यांनी वहाणा काढल्या.

"राहू द्या आबा, हितं कुणी काढत न्हाई."

त्यांनी पुन्हा घातल्या आणि बाकड्याच्या अगदी कडेला टेकले. तेवढ्यात भाचा भट्टीपासून ओरडला, "दाजी, तुमची बशी घ्या खिडकीतली!"

मी सवयीनं उठलो. बशी घेतली, पिंपाशी जाऊन विसळली. वळून बघतो तर बाकडं रिकामं.

आबा रस्त्यापलीकडं विजेच्या खांबापाशी उभे होते. मी बशी घेऊनच धावलो.

"काय झालं आबा?"

"ती कुनाची?"

"माझी. घरची."

"समद्यांच्या हायेत का तितं?"

"न्हाई. माझीच."

"आन् तूच इसळून ठिवतूस?"

"व्हय."

आबा माझ्या हाताकडं बघत राहिले. तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. म्हणालो, "तसलं काय न्हाई आबा. त्याला माझी जातबी ठाव न्हाई. तो बशी देत न्हवता, म्हून म्या जिद्दीनं आणली." आणि ते खरंच होतं. भाच्याच्या मनात तसलं काही नव्हतं. तो नुसता आळशी होता.

"जिद कळती मला," आबा म्हणाले. "माझ्यावरच गेलाईस. पर रस्त्यानं जानाऱ्याला तुझी जिद दिसनार हाय का? त्याला एकट्याची बशी दिसती, खिडकीत. आन् उद्या दुसऱ्या एखाद्याला ह्योच मालक म्हणंल, तुमीबी आणा घरनं."

"मग काय करू?"

"तुझं तू बघ. मी समद्यांच्या भांड्यात पीन, न्हाईतर घरी पीन."

मी आयुष्यात फार भांडणं केली आणि एकातूनही माघार घेतली नाही. त्या दिवशी घेतली. बशी सदऱ्याच्या आत खुपसली, हॉटेलात गेलो आणि म्हणालो, "दोन ग्लास."

"बशी फुटली का काय?"

"दोन ग्लास म्हनलं ना."

"हारले! दाजी हारले!" कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं. मी हसू दिलं. ते सोपं नव्हतं, पण दारात आबा उभे होते आणि या खेपेला त्यांनी वहाणांना हात लावला नाही. आत आले, बाकड्यावर मागपर्यंत सरकून बसले, भिंतीला पाठ टेकली.

चहा काही येईना. आमच्या मागून आलेल्या दोघांचा पिऊन झाला. पाणीही नाही. अखेर भाच्यानं दोन ग्लास आणून आदळले आणि चहाचा शिंतोडा आबांच्या धोतरावर उडाला. वाटलं, आता हे उठतात, आणि मग जन्मात येत नाहीत.

आबांनी धोतराकडं पाहिलं. टेबलाकडं पाहिलं. मग शेतातून हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, "ए मालक! हिकडं ये."

"काय आप्पा?"

"आधी फडकं मार. आन् पानी कुनी द्यायचं?"

"देतो की."

"कवा? ग्येल्यावर?"

भाच्यानं फडकं मारलं, पाणी आणलं. आबांनी एक घोट घेतला आणि ग्लास त्याच्याकडं सरकवला. "साखर टाकाय इसारलास."

"बरुबर हाय आप्पा. समदे ह्योच पित्यात."

"पिऊ देत. माझा गोड कर."

भाचा ग्लास घेऊन गेला, साखर टाकली, ढवळला, परत आणला. कोपऱ्यातला मघाचा आवाज म्हणाला, "आज भाच्याला सासरा भेटला!" आता हॉटेल भाच्याला हसत होतं.

मी माझा ग्लास ओठाला लावला. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं. आबा म्हणाले, "फुक की लेका." मी फुंकत होतो आणि त्यांच्याकडं बघत होतो. गावात वरून ओतलेला चहा जसा असेल तसा पिणारा हा माणूस. पांचट असो, गार असो, कुणाला बोलणार? आज त्यानं चहा परत पाठवला होता, आणि तो गोड होऊन आला होता.

घरी जाताना वाटभर त्यांचं चालूच होतं. "च्यात आल्याचं नाव न्हाई. बाकडं डुगडुगतंय. मालकाला बोलायची रीत न्हाई. असलं भिकार हॉटेल म्या बघितलं न्हाई." त्यांनी दुसरं आतून बघितलंच नव्हतं. मी सदऱ्यातून बशी काढून बायकोच्या हातात दिली, तर ती म्हणाली, "आली का माहेरी?"

"पुढल्या खेपेला दुसऱ्या हॉटेलात जाऊ आबा," मी म्हणालो. "ठेसनासमोर चांगली हायेत."

"का? आपून का जायचं? त्यो सुधारंल की."

एरवी दोन महिन्यांनी येणारे आबा त्या खेपेला पंधराव्या दिवशी हजर झाले. पिशवी दारात ठेवली, नातीचा गालगुच्चा घेतला आणि बसलेही नाहीत.

"ऊठ," म्हणाले. "त्यानं आलं आनलंय का बघून येऊ."