मुरब्याच्या किनाऱ्यावरची सातवी नोंद

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आता बसलाय असंही म्हणणार नाही. पण जे दिसलं ते लिहितो...

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. मुरब्याहून पालघरला बी.एस्सी.साठी जायचो. नापास झालो तर बाबांबरोबर होडीवर, हे ठरलेलं होतं. प्रोजेक्ट असा — उपग्रह आकाशात किती वेगाने सरकताना दिसतो ते काढायचं. साधनं दोन, घड्याळ आणि हात. हात ताठ धरला की एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश.

बाबा हसायचे. "मुठी मोजायला पालघरला जातोस? आमी दिस किती उरला ते रोज असाच बघतो."

सहा नोंदी नीट आल्या. सेकंदाला अर्धा अंश, कधी थोडा जास्त. सातव्या वेळी सूर्य बुडून पाऊण तास झाला होता. पश्चिमेकडून एक ठिपका वर आला. साडेचार मुठींवर, म्हणजे पंचेचाळीस अंशांवर... थांबला. चाळीस सेकंद. मग पुढे निघाला.

घड्याळ कानाला लावून पाहिलं. चालू होतं. मी कोणाला काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा समुद्रावरून आले. जेवताना आपणहून म्हणाले, "काल तुजा तो चालणारा तारा आमच्या डोलकाठीवर येऊन उबा रायला. सगल्यांनी पायला."

जेवतानाच मी हिशोब मांडला. आमचं जाळं समुद्रात रोवलेल्या ठरलेल्या खुंटांवर लागायचं — किनाऱ्यापासून सरळ पश्चिमेला, सुमारे बारा मैल. त्यांच्या डोक्यावर आणि मला पंचेचाळीस अंशांवर, म्हणजे उंचीही बारा मैलच. एवढ्या खाली उपग्रह टिकत नाही. आणि थांबत तर कुठलाच नाही.

कॉलेजात सरांना ते पान दाखवलं. ते रागावले नाहीत, पण म्हणाले, "हे पान काढ. नाहीतर मी जर्नलवर सही करणार नाही." सही नाही तर परीक्षा नाही.

घरी बाबा वाटच बघत होते. "लिवलास ना? माजा नाव पण टाक. साक्षीदार हाय मी."

फाडलेलं पान माझ्या खिशात होतं.

"टाकलं," मी म्हणालो.

मी पास झालो. तो प्रकाश काय होता ते मला अजून सांगता येत नाही; गणित कितीदा करून पाहिलं, उत्तर तेच येतं. बाबा मात्र शेवटपर्यंत गावात सांगत राहिले, की कॉलेजच्या वहीत त्यांचं नाव आहे.